भोंग्यावरचं नाव

३ फेब्रुवारी

दुपारी लोहाऱ्यात वरात अडकली, नेमकी आमच्या गल्लीच्या तोंडाशी. पुढे हबीबचं बँडपथक, मागे डीजेची गाडी. डीजे सुरू झाला की बँडवाले गप्प, डीजेला दम लागला की हे सुरू. दोघंही बेसूर. वऱ्हाडी मात्र खूश, त्यांना काय, ढोल फुटेपर्यंत नाचायचं.

पथकाच्या पुढे भोंगा. मूळचा टूबाच तो, फक्त गळ्यात घालून चालायच्या घडणीचा. तोंड परातीएवढं, त्यावर लाल अक्षरांत 'करीम ब्रास बँड, यवतमाळ'. धरलेला गणपतने. गणपतला वाजवता येत नाही. या पथकात कुणालाच येत नाही. भोंगा शोभेचा, तो नसला तर लग्नाकडचे लोक तोंड वाकडं करतात म्हणून मिरवायचा. गणपतचा गाल फुगलेला असतो तो तंबाखू-सुपारीच्या खर्र्यामुळे. समोरची बाई पोराला दाखवत होती, "पाह्य कसा दम लावून राह्यला तो मानूस."

मी खिडकी लावून घेतली. अख्खी नोकरी पोलिस बँडमध्ये टूबा वाजवण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर हे बघायचं.

६ फेब्रु.

गच्चीवर खुर्ची, मोबाईल, इयरफोन. डावा कान चालतो, उजवा मेलाय. ऑर्केस्ट्रात टूबा उजव्या अंगाला बसतो. आमचं नशीबच तसलं.

शोभा वाळवण घालायला वर आली. रोज रोज तेच काय ऐकता म्हणे. तेच नाही. यादी आहे माझी. जगाला ठाऊक असलेलं त्यात काही नाही. ज्यात टूबाला खरंच काम आहे आणि जे कुणी वाजवत नाही, तेवढंच. तिकडे युरोपातल्या, बर्फातल्या रचनाकारांची नावं माझ्या जिभेवर वळत नाहीत, म्हणून रचनांना मीच नावं ठेवली आहेत. (शो.: "नावं ठेवन्यात तुमचा हात कोन धरनार?")

'गिरणी': नृत्यनाट्यातला तुकडा. टूबा म्हणजे जाडा गिरणीवाला, दारू पिऊन पडतो. चांगलं लिहिलंय, पण चीड येते. टूबा म्हणजे जाडा माणूस, टूबा म्हणजे अस्वल, टूबा म्हणजे विनोद. यांना कोणी सांगितलं?

'धुकं': सुरुवातच टूबा एकट्याने करतो. मग व्हायोलिनवाले येतात आणि सगळं साखरेत बुडवतात.

'एक सूर': सगळी रचना टूबावाला मांडीवर हात ठेवून बसलेला. शेवटी सगळ्यांच्या खालून एकच लांब सूर धरतो आणि संपतं. आमचे वडील घरात असेच होते. एरवी गप्प, पण एकदा बोलले की विषय संपला.

आणि 'तिसरी'. उत्तरेकडच्या कुठल्याशा बंदरगावच्या शाळामास्तराने तीन सिम्फनी लिहिल्या, त्यातली तिसरी. दुसऱ्या भागात खाली व्हायोला (व्हायोलिनहून जरा मोठ्या, जाड आवाजाच्या) कुजबुजत असतात आणि वर टूबा एकटा गातो. अस्वल नाही, दारुडा नाही. शहाणा, पोक्त माणूस स्वतःशी बोलतो तसा. एकच ध्वनिमुद्रण मिळतं, त्यात मधेच कुणीतरी खोकतो. त्या खोकणाऱ्याला मी इतकी वर्षं शिव्या देतोय, तो आता मेलाही असेल.

१४ फेब्रु.

अक्षर घाण येणार आज.

नागपूरहून फोन. डॉ. मोहरील, डोळ्यांचे डॉक्टर. त्यांचा हौशी ऑर्केस्ट्रा आहे. डॉक्टर, वकील, बँकेतून निवृत्त झालेले, एका बिल्डरची सून. एप्रिलमध्ये कार्यक्रम. मोहरील तरुणपणी शिकायला युरोपात होते, तिथे एक सिम्फनी ऐकली होती, ती करणार. टूबावाला मुंबईहून येणार होता, त्याने ऐनवेळी नाही म्हटलं. जुन्या बँडमास्तरांनी माझा नंबर दिला. नाव सांगितलं सिम्फनीचं. मला आधी कळलंच नाही, उच्चारच वेगळा. मग त्यांनी दुसऱ्या भागाचा सूर गुणगुणून दाखवला, बेसूर.

तिसरी. माझी तिसरी.

हो म्हणालो. तारीख, वेळ, काहीच विचारलं नाही. शेवटी मोहरील म्हणाले, "जमतंय का बघा काका, नाहीतर आम्ही तो भाग कीबोर्डवर घेऊ. आजकाल सगळं निघतं त्यात."

काका. आणि कीबोर्डवर. असल्या माणसाच्या हाती लोक आपले डोळे देतात.

१५ फेब्रु.

झोप लागली नाही. वाजवू कशावर? टूबा सरकारचा होता. मी निवृत्त झालो, तो अजून नोकरीत आहे. माझा म्हणून फक्त माउथपीस, कपाटात मोज्यात गुंडाळलेला.

शोभाला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, बरं होईल. मग थोड्या वेळाने: "मी दरवर्षी परेड पाहाले येत होती. पन त्या सगळ्या गोंगाटात तुमचं वाजवनं कोनतं, ते मले कदी समजलंच नाही."

तिने सहज म्हटलं. मी उठून अंगणात गेलो. खरंच आहे ते. टूबा बंद पडला तरच लोकांना कळतं की तो होता. माझं वाजवणं असं एकट्याचं कुणी कधी ऐकलेलं नाही, घरच्या माणसानेसुद्धा नाही. या वयात ते एकदा व्हावं, एवढंच हवंय मला.

१९ फेब्रु.

जुन्या बँडच्या स्टोअरला जाऊन आलो. टूबा तिथेच आहे, कुलपात. वाजवणारा नवीन माणूस भरला नाही, म्हणून वाजत नाही. वाजत नाही तर द्या म्हटलं थोडे दिवस. म्हणे नियमात नाही. धूळ खाणं नियमात बसतं. चहा पाजला त्यांनी, तोही गार.

शोभा म्हणाली, हबीबकडे आहे ना एक. मी म्हटलं त्याला टूबा म्हणत नाहीत, त्याला पाटी म्हणतात.

२२ फेब्रु., रविवार

अडला हरी गाढवाचे पाय धरी. गेलो हबीबकडे.

हबीब पोलिस बँडमध्ये माझ्या पुढच्या रांगेत कॉर्नेट वाजवायचा. चांगला वाजवायचा, हे मान्य करावंच लागतं. बाप, करीमचाचा, आजारी पडला तेव्हा सरकारी नोकरी सोडून बापाचा लग्नाचा बँड चालवायला घेतला. तेव्हापासून मी त्याला बँडवाला म्हणतो आणि तो मला सरकार. बोलणं रस्त्यात भेटलं तर तेवढंच.

दुकानावरची पाटी बदललेली. आता 'हबीब साउंड सर्व्हिस'. पोराने डीजे टाकलाय. आत भिंतीला काळे खोके रचलेले आणि कोपऱ्यात, गोधडी पांघरून, भोंगा.

काय पाहिजे ते सांगितलं. हसेल वाटलं होतं. हसला नाही. गोधडी काढली. भोंग्याला माउथपीसच नव्हता. नळीच्या तोंडात गणपतने खर्र्याची पन्नी कोंबलेली, धूळ जाऊ नये म्हणून. मी ती काढली, खिशातून माझा माउथपीस लावला आणि एक सूर धरला. घाण आवाज. आत काहीतरी खडखडत होतं. पण खाली, त्या घाणीच्या खाली, सूर होता. जुनं चांगलं पितळ आहे.

हबीब वळून बाहेर गेला आणि गणपतवर ओरडायला लागला, वायर अशी काहून गुंडाळली म्हणून. वायर बरोबर गुंडाळलेली होती. परत आला तेव्हा डोळे लाल. म्हणाला, "अब्बा गेले तवापासून याचा आवाज आयकला नव्हता, सरकार."

घेऊन जा म्हणाला. कार्यक्रम होईपर्यंत ठेव. एकच अट. "नाव झाकायचं नाही, खरडायचं नाही. अब्बानं सोता उभं राहून रंगवून घेतलं व्हतं. दुकानावरून गेलं, कोटावरून गेलं. आता तेवढंच एक जागी हाय."

मी म्हटलं, नावाशी मला काय करायचं आहे.

२४ फेब्रु.

भोंगा अंगणात धुतला. इकडच्या लग्नांत रीत आहे, वरात मांडवाच्या दाराशी आली की नवरीकडच्या बायका भोंग्याच्या तोंडात चार अक्षता टाकतात. शकुन म्हणे. कुणी कधी काढत नाही. वाजवतच नाहीत तर अडतं कुठे? उलटा करून हलवला तर रंगवलेली ज्वारी पडतच राहिली. गुलाबी, पिवळी, काळी पडलेली. झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. दोन सुपाऱ्या. एक सुपारी वाकणात अडकलेली, ती काढता काढता दुपार झाली.

अर्ध्या यवतमाळचे संसार माझ्या अंगणात सांडले. चिमण्या आल्या. शोभा पायरीवर बसून पोट धरून हसत होती, फार दिवसांनी.

पिस्टनला तेल घातलं. नळी साफ झाल्यावर वाजवून पाहिलं. आवाज मोठा, मऊ, जरा ढेरपोट्या. चालेल. गळ्यात न घालता खुर्चीवर टेकवून वाजवायचं कसं, ते बसवावं लागेल.

१ मार्च

ओठ संपलेत. मोहरीलनी पाठवलेल्या स्वरलिपीत सोलोचे पहिले चार बार, म्हणजे चार घरं, झाली की ओठ लुळा पडतो आणि नुसता फुर्र आवाज निघतो. दमही पुरत नाही. 'तिसरी'च्या त्या शाळामास्तराने इतकी लांब ओळ लिहिली आहे, मधे श्वास घ्यायला जागाच ठेवली नाही. स्वतः टूबा वाजवला असता तर कळलं असतं त्याला. 

समोरचे काळे, निवृत्त तलाठी, फाटकाशी येऊन विचारत होते, कुणाची म्हैस आजारी आहे का? आयुष्य सातबाऱ्यात गेलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार. मी म्हटलं, हो, तपासायला डॉक्टर नागपूरहून येणार आहेत. खरंच वाटलं त्याला.

८ मार्च, रविवार

पहिली तालीम. पहाटेच्या एसटीने नागपूर. कंडक्टरने भोंगा मागच्या सीटवर ठेवायला लावला. कळंबला एक आजी चढल्या आणि त्यांनी आपली पिशवी त्यात ठेवून दिली. नागपूरपर्यंत मी काही बोललो नाही, त्यांना सोय झाली.

ऑर्केस्ट्रा म्हणजे सगळा आनंद. व्हायोलिनं चौदा ठिकाणी चौदा सुरांत. फ्रेंच हॉर्नवाले वकीलसाहेब चुकले की चष्मा पुसतात. व्हायोला दोनच, पण त्या दोघी बहिणी आहेत आणि त्यांना येतं. पहिल्या भागात टूबाला काम नाही, बसून सगळ्यांची लक्तरं पाहिली.

मग दुसरा भाग. त्या दोघींची कुजबुज सुरू झाली. मी वाजवलं. सातव्या बारात दम तुटला, पुढे सावरलं. संपलं. थोरल्या बहिणीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, एवढंच. परतीच्या गाडीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो. माणसं बघतात, म्हातारा रडतोय म्हणून.

९ मार्च

काल एक लिहायचं राहिलं. म्हणजे लिहायचं नव्हतं.

चहाच्या वेळी मोहरील भोंग्याभोवती फिरले. काका, आवाज उत्तम, पण हे नाव. स्टेजवर लाल अक्षरांत ब्रास बँड. "लोकांना वाटेल लग्न आहे. आपल्याला झाकावं लागेल." बाकीचे हसले. मीही हसलो. तोंडातून निघून गेलं, झाकू की, त्यात काय.

आणि त्यात आहेच काय? चार शब्द. रंग उडालेला. हबीब बघायला थोडाच येणार आहे.

२२ मार्च, रविवार

दुसरी तालीम. मोहरीलबाईंनी काळ्या मखमलीचं झाकण शिवून आणलं, कडेला इलॅस्टिक, मिक्सरला घालतात तसं. भोंग्याच्या तोंडावर चढवलं. सूर धरला. आवाज गेला. तोंडावर गोधडी घेऊन माणूस बोलावा तसं. जे मोठेपण होतं ते सगळं मखमलीत मुरलं.

सांगितलं तसं. मोहरील म्हणाले, उलट छान मऊ झालं. ज्याला सूर आणि सूज यांतला फरक कळत नाही त्याने ऑर्केस्ट्राचा कंडक्टर व्हावं, समोर उभं राहून सगळ्यांना खुणा कराव्यात, हा कुठला न्याय? भोकं पाडू का विचारलं, तर बाईंची मखमल महागाची. मग जरा आवाज चढवून, सगळ्यांसमोर: "काका, नाव दिसलं तर मी कीबोर्डला खूण करीन. मला स्टेजवर जाहिरात नको."

कीबोर्डवर बिल्डरची सून. बिचारी चहा घेताना माझ्याजवळ आली. म्हणाली, काका, सरांनी मला तुमचा भाग बसवायला सांगितलाय, मी फक्त बोटं ठेवून असते. तिच्या यंत्रात टूबाचं बटण आहे. दाबून दाखवलं. डासाला पडसं झाल्यासारखा आवाज. तिलाही लाज वाटली.

२५ मार्च

हबीब आला. बायकोने केलेला शिरा घेऊन. कधी नव्हे तो खुर्चीवर नीट टेकून बसला.

कार्यक्रमाच्याच दिवशी उमरखेडला लग्नाची सुपारी होती त्याची. तिकडच्या लोकांना भोंगा पाहिजेच, ठरवताना तशी बोलीच झालेली. याने सांगितलं भोंगा नाही. ते म्हणाले भोंग्याशिवाय बँड कसला, आणि दुसरं पथक पाहिलं. मोसमातली मोठी सुपारी गेली. पोराने घरात आरडाओरडा केला, शोभेच्या डब्यापायी गिऱ्हाईक घालवलं म्हणून.

मला म्हणाला, "मी त्याले सांगतलं, शोभेचा नाही राह्यला आता. मधूभाऊ वाजवून राह्यले." सरकार नाही म्हणाला. मधूभाऊ म्हणाला. बँडमध्ये असताना म्हणायचा तसं.

आणि तो नागपूरला येणार आहे. बायको, बहीण, बहिणीचे यजमान, सगळी गाडी करून. पुढच्या रांगेत जागा मिळेल का, नाव नीट दिसलं पाहिजे.

मी शिरा खात होतो. सांगायला हवं होतं तेव्हाच. नाही सांगितलं. शिऱ्यात वेलदोडा फार होता.

तो गेल्यावर शोभा: "झाका नाही तं नका झाकू, पन त्यायले सांगून तं टाका." बोलायला काय जातं हिचं. सांगितलं तर तो भोंगा उचलून नेईल, आणि न्यायलाच हवा त्याने. मग मी काय वाजवू? कुकर?

५ एप्रिल, रविवार

तालीम. मखमलीसकट. पूर्ण सोलो एका दमात काढला, सातवा बारही. इतका चांगला कधीच वाजवला नव्हता आणि पुढच्या रांगेपर्यंतही पोचला नसेल. थोरली व्हायोलावाली म्हणाली, दादा, आज तुम्ही वाजवत होतात ना? हेच शोभा परेडमध्ये म्हणाली असती.

मोहरील खूश. कार्यक्रमपत्रिका छापून आली. त्यात दुसऱ्या भागाखाली माझं नाव आहे, मधुकर इंगळे, टूबा, यवतमाळ. आयुष्यात पहिल्यांदा छापलं गेलंय. पाच वेळा वाचलं, गाडीतही काढून वाचलं. माझं नाव छापलेलं चालतं आणि करीमचाचाचं रंगवलेलं चालत नाही.

मी लगेच कागद घडी करून खिशात ठेवला. असले विचार केले की ओठ घट्ट होतात.

११ एप्रिल

आज मुद्दाम दुकानावर गेलो, सांगायचंच म्हणून. ऊन मी म्हणत होतं. हबीब नव्हता, पांढरकवड्याला साउंड लावायला गेलेला. पोरगा होता. गणपत खोक्यावर बसून खर्रा घोटत होता, भोंगा नाही तर त्याला कामच नाही. पोरगा म्हणाला, "काका, अब्बा तुमच्या त्या पोग्रामसाठी नवा कोट शिवून राह्यले. लग्नातही नाही शिवला."

घरी आलो. काही सांगितलं नाही. डरपोक म्हणतात याला, दुसरा शब्द नाही. सगळ्या जगाला बेसूर म्हणणारा माणूस मी.

संध्याकाळी गच्चीवर 'तिसरी' लावली. खोकणारा आला नेहमीच्या जागी. आज त्याला शिव्या दिल्या नाहीत. निदान तो तिथे होता आणि ऐकू तरी आला.

१५ एप्रिल

मोहरीलना फोन केला. म्हटलं नाव राहू द्या, त्या माणसाच्या बापाचं वाद्य आहे. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, भावना समजते काका, पण ऑर्केस्ट्राची एक पातळी असते. पातळी! चौदा सुरांत वाजणारी व्हायोलिनं पातळीत बसतात, करीम बसत नाही.

मी म्हटलं, मग मी येत नाही. ते म्हणाले, ठीक आहे, तसं कळवा, कीबोर्ड तयार आहे.

आणि मी काय म्हणालो? म्हणालो, नाही नाही, येतो. असा पटकन. शोभा स्वयंपाकघरात ऐकत होती. तिने भांडं जरा जोरात ठेवलं.

१८ एप्रिल

भोंगा पुसला. चिंच आणि राख. पितळ असं निघालं की तोंड दिसतं. लाल अक्षरांच्या कडा उडालेल्या, पण 'करीम'चा क अजून डौलदार. रंगवणारा चांगला असणार. अशा पेंटरांना आता कुणी विचारत नाही, सगळं फ्लेक्स.

मखमलीचं झाकण पिशवीत घातलं. मग काढलं. मग शोभाने पुन्हा घातलं. म्हणाली, "तिथं जाऊन ठरवजा. पन ठरवजा तुमी. त्या डॉक्टरले ठरवू नका देऊ."

ही बाई इतकी वर्षं माझ्याबरोबर आहे आणि मी हिला संगीत कळत नाही म्हणत आलो.

१९ एप्रिल, रविवार. नागपूर, स्टेजच्या मागची खोली

घाईत लिहितोय. पहिला भाग सुरू आहे, टूबाला काम नाही, मागेच थांबायचं आणि दुसऱ्या भागाआधी टाळ्या पडल्या की जाऊन बसायचं. मोहरीलची युक्ती, भोंगा जितका कमी दिसेल तितकं बरं. व्हायोलिनं नेहमीसारखीच. वकीलसाहेब आत्ताच चुकले, इथपर्यंत ऐकू आलं. सभागृह भरलंय. डोळ्यांचे पेशंट बोलावलेले दिसतात.

झाकण चढवलंय. मोहरीलबाई स्वतः येऊन चढवून गेल्या, कडा नीट ओढून. कीबोर्डवाल्या मुलीच्या समोर माझा भाग उघडा ठेवलेला आहे. पडद्याच्या फटीतून दिसतं.

सुरू व्हायच्या आधी हबीब मागे आला होता. कुणी सोडलं कोण जाणे. नवा राखाडी कोट, बटणं सगळी लावलेली, घामाने ओला. भोंगा माझ्या मागे भिंतीला टेकवलेला होता, तोंड भिंतीकडे. त्याला दिसला तो पितळी पाठीकडून. हात लावला त्याने, पुसल्याचं लक्षात आलं. म्हणाला, चमकून राह्यला. तिसऱ्या रांगेत बसलेत सगळे, शोभा पण त्यांच्यातच, हबीबच्या बहिणीशी तिची गट्टी जमली आहे.

मग विचारलं, "नाव दिसन ना, मधूभाऊ?"

मी म्हणालो, "दिसन."

तो हसला आणि गेला. माझं हे बोलणं खोटं होतं की खरं, ते मला या क्षणी माहीत नाही. कडेला नुसतं इलॅस्टिक आहे, एका बोटाने निघेल. ओठ कोरडे पडलेत. बाहेर पहिला भाग संपत आला, ढोल वाजताहेत. टाळ्या. मोहरील हात करून राह्यले. जातो.